पाळणा हलला, पुढे काय?

सप्टेंबर 2024 मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’ ह्या नियतकालिकात स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडच्या दोन पक्षांना एकदमच कंठ फुटला. ज्यांना आपण अजूनही ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतो, म्हणजे ज्यांचे बीज आईच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत फळले आणि मग गर्भाशयात सोडले गेले, त्या मुलांत जन्मतःच हृदयात दोष असण्याचे प्रमाण किती, असा निबंधाचा विषय होता. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन ह्या चार देशांतल्या सुमारे 77 लाख जन्मांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. त्यांत अशा उपचाराने झालेली मुले होती 1,71,735. नैसर्गिक रीतीने झालेल्या मुलांत हृदयाचा मोठा दोष शंभरात 1.15 मुलांना आढळला, ह्या मुलांत 1.84.

बातमी येताच पहिला पक्ष म्हणाला, “आम्ही सांगतच होतो! देवाच्या कामात ढवळाढवळ केली की दुसरे काय होणार?” दुसरा पक्ष म्हणजे ज्यांच्या पाट्यांवरची गुबगुबीत बाळे हल्ली तालुक्याच्या गावीही एस. टी. स्टँडसमोर हसताना दिसतात ते. ते म्हणाले, “परदेशातल्या बातम्या वाचून घाबरू नका, आमच्याकडे सर्व काही सुरक्षित आहे.” दोन्ही पक्षांपैकी कोणी तो निबंध वाचला असेल असे मला वाटत नाही. आणि ज्यांच्याविषयी ही झोंबाझोंबी चालली आहे ती मुले मात्र आपापल्या शाळांत डबे खात बसली आहेत. त्यांना ह्यातले काही विचारण्याचे कारण कोणालाच वाटले नाही.

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, आणि हृदयाविषयी जे काही लिहिले ते कादंबऱ्यांतून, म्हणजे ज्या हृदयाला रोहिण्या आणि झडपा नसतात त्याविषयी. पण त्रैराशिक मला येते आणि ते मी मुलांना शिकवतो. तेव्हा ते आधी करू. हजार मुले घ्या. नैसर्गिक रीतीने झालेल्या हजारांत साडेअकरा मुले दोषाची निघतात; ह्या उपचाराच्या हजारांत अठराच्या वर. म्हणजे हजारी सात मुले जास्त, आणि 982 मुलांची हृदये जशी असावीत तशीच. सात मुले ही थोडी नव्हेत; सात घरांतली झोप उडते. परंतु 982 मुलांकडे बोट दाखवून ‘पापाचे फळ’ म्हणणाऱ्याला हिशेबही येत नाही आणि माणुसकीही.

त्यातही एक मेख आहे. बीज बशीत आपोआप फळले काय, सुईने शुक्रजंतू आत सोडून फळवले काय, भ्रूण ताजा वापरला काय नि गोठवलेला वापरला काय, दोषाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. त्यावरून संशोधकांनाच असे वाटते की, कदाचित ज्या कारणाने आईबापांना मूल होत नव्हते त्याच कारणाची सावली मुलाच्या हृदयावर पडत असावी. असे असेल तर दोष बशीचाही नाही आणि देवाच्या कोपाचाही नाही.

सनातन्यांची गोष्ट इथे संपवता आली असती, पण त्यांचीच एक दुसरी शाखा आहे. तिला हे सगळे शास्त्र मान्य आहे, कारण ते म्हणे आमच्याकडे आधीच होते. 2019 साली जालंधरला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरव हे टेस्ट ट्यूब बेबीच असल्याचे सांगून टाकले. गांधारीच्या मांसगोळ्याचे एकशे एक तुकडे, तुपाने भरलेले घडे, सगळी सामग्री तयारच होती. असेल बुवा. पण व्यासांनी एवढे पर्व लिहिले, त्यात दुर्योधनाचा रक्तदाब कोणी मोजल्याचा उल्लेख नाही. ज्यांना आपले पूर्वज ह्या विद्येत पारंगत वाटतात त्यांनी निदान एवढे तरी दाखवून द्यावे, की त्या शंभरांची प्रकृती पुढे कशी राहिली ह्याची चौकशी कोणी केली होती. तेव्हाही सगळी घाई घडे फुटण्याचीच होती.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ह्यांच्याशी माझे भांडण जास्त आहे, कारण ह्यांना सगळे ठाऊक असते. ह्यांचा हिशेब ‘पॉझिटिव्ह’ ह्या एका शब्दापाशी संपतो. शंभर जोडप्यांत किती जणींना दिवस गेले, ते पाटीवर मोठ्या आकड्यात रंगवलेले असते. त्यांतली किती मुले पुऱ्या दिवसांची झाली, किती वजनाची झाली, किती काचेच्या पेटीत राहिली, हे आकडे रंगवायला पाटीवर जागा उरत नाही. एकेका खेपेला लाखाच्या वर खर्च. मग एकच भ्रूण सोडून तो टिकला नाही तर काय, ह्या भीतीने दोन-दोन, प्रसंगी तीन-तीन सोडावयाचे. जुळी झाली की नातेवाईक म्हणतात, “चला, एका खर्चात दोन झाली!” आणि पेढे वाटतात. ह्या दहा वर्षांत माझ्या हजेरीपटावर जुळ्यांच्या जेवढ्या जोड्या आल्या तेवढ्या माझ्या लहानपणी सबंध गावात नव्हत्या. त्यांतल्या प्रत्येक जोडीची जन्मकथा मला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा मला अधिकारही नाही. मुले गोड असतात ह्यात शंका नाही. पण जुळी म्हणजे बहुधा दिवस भरण्याआधीची आणि कमी वजनाची, आणि हृदयाच्या कुंडलीत हीच दोन घरे सर्वांत वाईट. गोथेनबर्गच्या त्याच निबंधात दिले आहे: उपचाराने झालेल्या एकेकट्या मुलांत हृदयदोष शंभरात 1.62, जुळ्या-तिळ्यांत 2.47. मूळ भीती ज्या आकड्याची वाटत होती तिचा एक भाग ह्या पेढ्यांतच आहे.

स्वीडनने 2003 पासून नियम केला, की काही अपवाद सोडले तर एका वेळी एकच भ्रूण सोडावयाचा. तिथे ह्या उपचारांतील प्रसूतींत पूर्वी जवळजवळ चौथा हिस्सा जुळ्यांचा असे, तो शेकडा 5 च्या आसपास आला. आणि मुले होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखी घट झाली नाही. म्हणजे हे करता येते. औषध नको, यंत्र नको, फक्त धीर हवा. आमच्याकडे तो धीर डॉक्टरांना नाही, कारण पाटी. आणि जोडप्याला नाही, कारण खर्च आणि सासरची माणसे.

‘स्वीडनचे आम्हांला काय सांगता’ असे कोणी म्हणेल. ठीक, पुण्याचे सांगतो. इंग्लंडात डॉ. डेव्हिड बार्कर ह्यांनी 1986 पासून असे मांडले, की उतारवयातल्या हृदयविकाराचे बी पुष्कळदा गर्भाशयातच पडलेले असते. कमी वजनाने जन्मलेल्याला पुढे तो विकार गाठण्याचा संभव अधिक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रिया आणि त्यांची मुले ह्यांचा माग ठेवला. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, तर आमचे सुमारे 2.7 किलोचे, आणि गंमत अशी की, एवढ्याशा त्या बाळाच्या अंगात मांस कमी पण चरबी मात्र राखून ठेवलेली. दिसायला काटकुळे, आतून चरबीचे. मधुमेह आणि हृदयविकार आपल्या लोकांना एवढे का ग्रासतात ह्याचा एक धागा त्यांना त्या पाळण्यात सापडला. ज्या देशात एकटे मूलच मुळात एवढे हलके जन्मते, तिथे हौसेने किंवा घाईने एका उदरात दोन-दोन गर्भ कोंबावयाचे, ह्याला मी उपचार म्हणणार नाही. उपचार घेणाऱ्या शहरी बायका त्या खेड्यांतल्या बायकांपेक्षा खाऊनपिऊन सुखी असतात हे मला मान्य आहे. पण 2021 च्या कायद्याने उपचारासाठी स्त्रीची वयोमर्यादा 50 पर्यंत आणि पुरुषाची 55 पर्यंत ठेवली आहे. चाळिशीपलीकडच्या गरोदरपणात आईचाच रक्तदाब चढण्याचा धोका किती वाढतो हे कोणत्याही सुईणीला विचारा. सुखवस्तूपणाने एक ओझे उतरते ते वयाने पुन्हा चढते.

इथवर जन्मजात दोषाचे झाले. ह्याहून बारीक, आणि मला अधिक विचारात पाडणारी गोष्ट पुढेच आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या डॉ. उर्स शेरर ह्यांनी अशा उपचाराने झालेली 65 निरोगी मुले निवडली आणि नैसर्गिक रीतीने झालेल्या 57 मुलांशी त्यांची तुलना केली. 2012 साली ती प्रसिद्ध झाली. मुले धडधाकट होती, खेळत होती. पण दंडावर पट्टा आवळून सोडला म्हणजे निरोगी रोहिणी जेवढी रुंदावते तेवढी ह्यांची रुंदावत नव्हती; सुमारे चौथाईने कमी. मानेतल्या रोहिणीची भिंत किंचित जाड. मुलांना युंगफ्राउयोखच्या उंचीवर, 3,450 मीटरवर नेले, तेव्हा फुप्फुसांतल्या रक्ताचा दाब इतर मुलांपेक्षा सुमारे शेकडा 30 नी जास्त चढला. त्याच आईबापांना नैसर्गिक रीतीने झालेली भावंडे तपासली, तर ती ठीक निघाली. म्हणजे इथे मात्र संशय आईबापांवरून उठून बशीकडे जातो. बशीतल्या पहिल्या दोन-चार दिवसांत काहीतरी असे घडत असावे, की रोहिणीच्या भिंतीला ते पुढे आयुष्यभर आठवते. उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांतही तसेच दिसले. पाच-सहा वर्षांनी तीच मुले पुन्हा बोलावली. तोवर ती सोळा वर्षांच्या आसपास आली होती. 2018 मध्ये कळले, की 52 पैकी 8 जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. तुलनेच्या 43 मुलांत असा एकच निघाला.

हे वाचून ज्या आईच्या हातातली करंजी खाली राहिली असेल तिने पुढचेही वाचावे. साठ-पासष्ट मुले म्हणजे एक वर्ग. एका वर्गावरून शाळेचा निकाल कोणी सांगत नाही. त्याच चार उत्तरेकडील देशांतली 1,22,429 मुले 2021 मध्ये तपासली गेली. त्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतर मुलांहून जास्त निघाले नाही. लठ्ठपणा तेवढा थोडा जास्त होता. 2023 मध्ये युरोप, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया इथल्या चौदा ठिकाणची सुमारे 36,000 मुले आणि तरुण एकत्र पाहिले. त्यांतली 654 ह्या उपचाराची. रक्तदाब, साखर, चरबी, सगळे बरेचसे सारखेच. तर मग बर्नचे खरे की बाकीच्यांचे? माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही. एकाने थोड्या मुलांच्या रोहिण्या भिंग लावून पाहिल्या, दुसऱ्याने पुष्कळ मुलांत रोग शोधला. आणि रोग यावयाचे वयच अजून आलेले नाही! जगातली अशी पहिली मुलगी 25 जुलै 1978 ला इंग्लंडातल्या ओल्डहॅम गावी जन्मली. ती अजून पन्नाशीच्या अलीकडेच आहे. हृदयाचा झटका ज्या वयात दार ठोठावतो त्या वयाला ही पिढी आता कुठे पोचते आहे. वही अर्धी कोरी असताना ‘उत्तीर्ण’ लिहिणाऱ्या आणि ‘नापास’ लिहिणाऱ्या दोघाही मास्तरांना मी सारखाच बेजबाबदार म्हणेन.

म्हणून प्रश्न मुलांना भ्यावयाचा नाही, त्यांची वही चालू ठेवण्याचा आहे. आणि ती वही आपण, म्हणजे तुम्ही-मी, बंद करून टाकतो.

कशी, ते पाहा. पुण्याची माणसे उपचाराला नाशिकला जातात आणि नाशिकची मुंबईला. का, तर आत्याबाईंना कळू नये. मूल झाले की देवाचा नवस फेडला जातो, श्रेय नवसाला मिळते, आणि उपचाराची जाडजूड फाइल कपाटात साड्यांच्या घडीखाली जाते. घरात शपथा घातल्या जातात. पुढे मुलाला ताप येतो, खोकला येतो, बालरोगतज्ज्ञ विचारतो, “गरोदरपण कसे होते?” आई नवऱ्याकडे पाहते आणि म्हणते, “नॉर्मल.” “दिवस पूर्ण भरले होते?” “हो, जवळजवळ.” ह्या ‘जवळजवळ’मध्ये कधी कधी सहा आठवडे असतात. सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात ना! ज्या डॉक्टरला मुलाचा गळा, पोट, गुडघे सगळे दाखवतो त्याच्यापासून त्याच्या जन्माची हकीकत चोरून ठेवावयाची, हा कुठला शहाणपणा? वकिलापासून आणि वैद्यापासून काही लपवू नये असे आपले वाडवडील सांगत. आम्ही दोघांपासूनही लपवतो आणि शेजारणीला मात्र सांगून बसतो.

ह्या लपवाछपवीची लाज मला मुलांच्या वतीने वाटते. कारण लपवण्यासारखे काही केले असेल तर ते मुलाने केलेले नाही, आणि आईबापांनीही केलेले नाही. मूल व्हावे म्हणून एका बाईने महिनोन्‌महिने पोटात सुया टोचून घेतल्या, ह्यात कलंक कोणता? कलंक आहे तो ज्या घराने तिला ‘वांझ’ हा शब्द ऐकवला त्या घराचा. पण तो झाकण्यासाठी किंमत मोजतो कोण, तर ज्याच्या रोहिणीची भिंत कदाचित किंचित जाड आहे, कदाचित नाही, असा एक पोरगा.

डॉक्टरला सांगून तरी तो काय करणार, असे विचाराल. फार काही नाही, आणि तेच तर सांगावयाचे आहे. गरोदरपणातच कळले असेल तर अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची तपासणी जरा निगुतीने करील. जन्मानंतर स्टेथोस्कोप छातीवर दोन क्षण जास्त ठेवील. मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजील. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2017 साली तिसऱ्या वर्षापासून सर्वच मुलांसाठी तसे सांगितले आहे, ह्या मुलांसाठी वेगळे असे काही नाही. त्याला मुलाच्या दंडाच्या मापाचा छोटा पट्टा लागतो. तुमच्या डॉक्टरकडे तो आहे का एवढे विचारून पाहा, आणि तो गोंधळला तर समजा. वजनाकडे लक्ष ठेवील, आणि आजी ‘सुटले की गोंडस दिसते’ म्हणत तुपाची धार धरील तेव्हा आजीला दटावील. सोळाव्या वर्षी तंबाखूच्या पुडीविषयी चार शब्द जास्त बोलेल. ह्यात कोणती शस्त्रक्रिया आहे? आणि दोष सापडलाच, तर लवकर सापडलेले हृदयाचे कित्येक दोष आज दुरुस्त होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची माणसे शाळेत येतात, पोरांना रांगेत उभे करतात, आणि त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. पण त्यांच्यापुढेही मूल उभे राहते ते आईबापांनी सांगितलेल्या अर्ध्या गोष्टीनिशीच.

सरकारचे काय, हे विचारल्याशिवाय आपल्याकडचा लेख पुरा होत नाही. तर ऐका. ही विद्या ह्या देशात आली ती सार्वजनिक पैशाने. 6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएममध्ये, म्हणजे महानगरपालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांच्या प्रयत्नांनी जी मुलगी जन्मली तिला भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हटले गेले. खरे तर कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी 3 ऑक्टोबर 1978 लाच ते करून दाखवले होते. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले, आणि 1981 साली त्या माणसाने आत्महत्या केली. पुढे 1997 मध्ये त्यांचे जपलेले कागद आनंद कुमारांच्या हाती आले. त्यांनी ते वाचले, आणि स्वतःकडे असलेला पहिलेपणाचा मान उठून मुखोपाध्यायांच्या नावावर मांडला. मोठा माणूस. पण कागद टिकले नसते तर त्याच्या मोठेपणालाही करण्यासारखे काही उरले नसते.

मुलांचे कागद टिकतात का? उत्तरेकडील त्या चार देशांना लाखांचे आकडे सांगता येतात ते तिथली माणसे आपल्याहून हुशार म्हणून नव्हे. तिथे जन्मताच माणसाला एक क्रमांक मिळतो आणि त्याचा जन्म, त्याचे दवाखाने, त्याची औषधे सगळे त्या एका क्रमांकाखाली सापडते. आपल्याकडे मुलाचा जन्म एका खाजगी केंद्राच्या फाइलीत, लसी दुसऱ्याच्या कार्डावर, दुखणी तिसऱ्याच्या चिठोऱ्यांवर. 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली हे चांगले झाले. दवाखान्याने उपचारांच्या नोंदी दहा वर्षे ठेवाव्यात आणि नंतर त्या मध्यवर्ती नोंदवहीकडे द्याव्यात असे तो सांगतो. दहा वर्षे म्हणजे मूल पाचवीत. बर्नच्या मुलांचा रक्तदाब चढलेला दिसला तो सोळाव्या वर्षी, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावी-अकरावीत. त्या वेळी ह्या पोराच्या दंडाला पट्टा लावणाऱ्या डॉक्टरला दिल्लीतल्या नोंदवहीचे पान कोण उघडून देणार? त्यापेक्षा ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी दिवाळीची साफसफाई निघालीच आहे तर साड्यांखालची फाइल बाहेर काढावी. किती भ्रूण सोडले, कितव्या आठवड्यात मूल झाले, वजन किती भरले, गरोदरपणी आईचा रक्तदाब किती होता, एवढे चार आकडे एका कागदावर उतरून तो मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवावा. फाइल हरवली असेल तर दवाखाना चालू आहे तोवर तिची प्रत मागून घ्यावी; भाऊबीज झाल्यावर गेले तरी चालेल.